मायच्या दोन डब्या

आश्विन वद्य द्वादशी. विषाचं कपाट आवरायचं काम हाती आहे.

दिवाळीच्या आधी आमचा सगळा जनाना दवाखाना झाडून-पुसून निघतो, पण या कपाटाला माझ्याखेरीज कुणी हात लावत नाही. किल्ली माझ्या कमरेला. आतल्या बाटल्या निळ्या काचेच्या, अंगावर कंगोरे असलेल्या. घाईत हात चुकीच्या बाटलीवर पडला तर डोळ्यांआधी बोटांनी ओळखावं, म्हणून तशा घडवतात. बाटल्या उतरवायच्या, ओल्या फडक्यानं पुसायच्या, विटलेल्या चिठ्ठ्या खरवडून नव्या डकवायच्या. कुचला, सोमल, बेलाडोना, अफूचा अर्क. सगळ्यांच्या मागं, कोपऱ्यात, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेल्या दोन पितळी डब्या. त्या दवाखान्याच्या नाहीत. त्या मायच्या.

माय मागच्या महिन्यात गेली. रामानं, माझ्या धाकट्या भावानं, हैदराबादेला येणाऱ्या एका माणसाकडं निरोप धाडला: "माय गेली. आता अक्का गावाकडं येणार हाय का न्हाई, तेवढं इचारून ये." निरोप्याला मी जेवू घातलं आणि सांगितलं, लिहून कळवते. तेच आता लिहिते आहे. रामाला वाचता येत नाही, त्याची थोरली भागू वाचून दाखवील. भागू, यात तुझंही येणार आहे. अडखळलीस तरी पुढं वाच. आणि आपल्या भागातून इकडं येऊन दवाखान्यात, गिरणीत, लोकांच्या घरी राबणाऱ्या बायांनीही हे ऐकावं. त्यांतल्या पुष्कळींच्या पेटीत अशी एक डबी असेल.

माय होती तोवर हे लिहिता येत नव्हतं.

मी निघाले ते कापूस वेचणीचे दिवस होते. प्लेगात नवरा गेला, सासरनं परत पाठवलं, आणि मी बापाच्या घरी खाणारं एक तोंड होऊन बसले होते. आंबेजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पट्ट्या धुवायला जाऊ लागले. तिथल्या डॉक्टरांच्या बायकोनं मला अक्षरं शिकवली, आणि डॉक्टरांनी बापाला सांगितलं की हैदराबादच्या जनाना दवाखान्यात औषधं बनवायला बाया शिकवून तयार करतात, हिचा हात स्थिर आहे, हिला पाठव. बापानं आठवडाभर विचार केला. शेजारच्या काशीकाकूनं एका क्षणात केला. "शिकून काय सुभेदार होणार हाय व्हय गोदे? बाटल्याच धुशील!" तिचं पहिलं वर्षभर खरं ठरलं.

निघायच्या सकाळी बापानं गाडीत कडबा पसरला, वर घोंगडं टाकलं. माय आली ती हात धुऊन आली नव्हती, शेणाचा हात तसाच. दुसऱ्या हातात डबी होती. आदल्या दिवशी तिनं आपल्या डबीतला अफूचा गोळा अडकित्त्यानं दोन केला होता आणि निम्मा या डबीत भरला होता. आमच्याकडं लेक परगावी निघाली की मायनं अशी डबी द्यायची रीत होती. सासरी जाताना मला मिळाली होती ती सासरीच राहिली, म्हणून ही दुसरी.

"पोट चाललं तर," ती म्हणाली. "ठसका लागला तर. आन् परक्या जागी झोप न्हाई आली तर. मुगाएवढी. लेकराला राळ्याच्या दाण्याएवढी."

"मला कुठलं लेकरू आता?"

"लोकाचं असंल की. तितं दवाखान्यात."

एवढंच बोलणं झालं. ती गाडीमागं चालत आली. आपल्या रानाच्या बांधावर एकच झाड, बाभळीचं. ते दिसायच्या आधीच ती थांबली आणि वळली. माय त्या झाडाकडं बघत नसे. वेचणीत दुपारी सगळ्या बाया त्याच्या सावलीला भाकरी सोडायच्या, माय उन्हात बसायची. का, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारत नसे. माझ्या पाठचा भाऊ नामा त्या बाभळीला बांधलेल्या झोळीत गेला होता. तान्हा होता. मी तेव्हा परकरात होते. रामाचा जन्म त्याच्या नंतरचा.

परळीला बापानं बैल सोडले, वैजनाथाच्या पायऱ्यांना हात लावून आला. गंगाखेडला गोदावरी नावेनं उतरलो. माझं नाव त्या नदीचं, पण मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहत होते, आणि मला ती बरीच गढूळ वाटली. परभणीला रेल्वे. बाप गाडी सुटेपर्यंत थांबला नाही. "बैलं नव्या जागी बांधलीत, बिचकतील," म्हणाला आणि गेला. मला ते बरं वाटलं. उभा राहिला असता तर दोघांनीही कुठं बघायचं हा प्रश्न होता.

हैदराबादेत पहिले काही महिने मला फक्त वास आठवतात. कार्बोलिकचा, रॉकेलचा, उकडलेल्या पट्ट्यांचा, आणि दोन्ही वेळच्या भाताचा. भाकरीचा वास कुठंच नव्हता. बोलणं कळत नव्हतं असं नाही, आपल्याकडं कचेरीत, बाजारात उर्दू कानावर पडायचीच, पण इथली दखनी उड्या मारत जायची. मी आधी "हौ" आणि "नक्को" शिकले आणि या दोन शब्दांवर बरेच दिवस काढले. बाटल्या धुतल्या. मग खलात कुटलं. मग काट्यावर तोलायला बसवलं, आणि मग एकदाची शिकवणी सुरू झाली.

शिकवायच्या त्या डॉक्टरणबाई. आम्ही त्यांना आपा म्हणत असू. चष्म्याची एक काडी तुटलेली, ती दोऱ्यानं कानाला बांधलेली. आपा टेबलावर एक बाटली ठेवायच्या आणि तीन प्रश्न विचारायच्या. हे शरीरात जाऊन करतं काय? कुणाला द्यायचं? आणि बिघडवतं काय? पहिल्या दोहोंची उत्तरं आम्ही घडाघडा म्हणायचो. आपा हात वर करायच्या. "फायदा तो दुकानवाला बी बोलता. नुकसान बोलो."

तिसऱ्या प्रश्नावर सगळ्या अडायच्या. क्विनाइननं हिवताप उतरतो, पण कान गुणगुणतात आणि माणूस बहिरा झाल्यासारखा करतो. सँटोनिननं जंत पडतात, पण पोराला सगळं पिवळं दिसायला लागतं आणि ते घाबरून रडतं. पाऱ्याची पूड पोट साफ करते, पण हिरड्या सुजतात, लाळ गळते, दात हलतात. बेलाडोनानं पोटातली कळ थांबते, पण तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते, बाहुल्या डोळाभर होतात. मला पाठांतराची सवय नव्हती, तेव्हा मी एक युक्ती काढली. एकेका औषधाला गावाकडचं एकेक माणूस देऊन टाकलं. एरंडेल म्हणजे बाप, बोलणं नाही, काम चोख. क्विनाइन म्हणजे माझी सासू, ताप उतरवील पण कान गुणगुणत ठेवील. बेलाडोना म्हणजे काशीकाकू, दारात आली की तोंड कोरडं, छाती धडधड, डोळे मोठे. बरोबरीच्या मुलींना मी हे सांगितलं तर त्या हसून लोळल्या, आणि मग आपापल्या सासवा शोधू लागल्या. या युक्तीनं मी परीक्षेत एकही औषध चुकले नाही.

अफूला मी माय दिली होती. दुखणं निववते, पोट थांबवते, निजवते. दुसरं कोण?

अफूचा पाठ निघाला तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मीच दिली, मायनं गाडीजवळ सांगितलेली, जशीच्या तशी. आपा खूश झाल्या. "हौ. अब तीसरा."

"पोट बांधते."

"और?"

आपांनी पदराची टाचणी काढून तिचं टोक आमच्यापुढं धरलं. "आँख की पुतली इत्ती हो जाती. अंधेरे में बी खुलती नै. और भेजे में एक जगह है, सोते में बी सांस वोइच चलाती. अफीम उस जगह को बी सुला देती. बस."

बस म्हणाल्या आणि पुढच्या बाटलीकडं वळल्या. पुढची बाटली कुठली होती मला आजही सांगता येणार नाही.

मी त्या टाचणीच्या टोकात नामाचा डोळा पाहत होते.

त्या दिवसाचं कधी कुणी बोललं नाही, म्हणून रामालाही नीट ठाऊक नाही. आता सांगते. वेचणी चालू होती. नामाला आठवडाभर खोकला होता. छाती घरघरायची, दूध ओढताना दम लागायचा. सकाळी मायनं सहाणेवर आपल्या दुधात अफू उगाळली, राळ्याएवढी, रोजच्यासारखी, आणि बोटानं चाटवली. झोळी बाभळीला बांधली. मला झोका द्यायला बसवलं. नामाचा खोकला थांबला. मायला बरं वाटलं, तिनं लांबून विचारलं, "निजला का?" मी म्हटलं, निजला. दुपारी पाजायला आली तेव्हा तो निजलेलाच होता, पण ओठ निळे होते. बाप धावत आला. त्यानं अंगठ्यानं पापणी वर केली. मी मायच्या काखेखालून पाहिलं. डोळ्यातली काळी बाहुली आवळून राळ्याएवढी झाली होती, नव्हे, त्याहूनही बारीक. बापानं पापणी खाली सोडली. मग मायनं तीच पापणी पुन्हा वर केली आणि पाहिलं.

काशीकाकू म्हणाली, नजर लागली. कुणी म्हणालं, डबा झाला, छाती भरली. मायनं जोगाईला नवस बोलला आणि पुढच्या वर्षी रामा झाला. रामालाही तिनं त्याच बोटानं, तेवढीच अफू चाटवली. तो वाढला. मी वाढले होते. गावातली निम्मी लेकरं त्यावर वाढली होती.

म्हणून मला आपांना विचारावंच लागलं. वर्ग सुटल्यावर त्यांना गाठलं. "सबको इत्तीच दिए, आपा. एकीच कैसा मरा?"

त्यांनी कोण, कुणाचं, हे विचारलं नाही. "खांसी थी?"

"थी."

"छाती में बलगम था. बच्चा खांस-खांस को निकालता था. अफीम खांसी को बंद कर दी." चष्म्याचा दोरा त्यांनी कानामागं सारखा केला. "खांसी दुश्मन नै थी बाई. दरवाजे पो बैठा हुआ दरबान थी. दवा उत्तीच थी. बच्चा वो नै था."

मला माझं उत्तर मिळालं. ते घेऊन मी खोलीवर आले, पेटी उघडली आणि मायची डबी हातात घेतली. टाकून द्यावी असा विचार आला, पण विष मोरीत ओतायचं नसतं हे तोवर शिकले होते. विषाच्या कपाटाची किल्ली तेव्हा आपांकडं होती. त्यांच्या परवानगीनं मागच्या कोपऱ्यात ठेवली. ती ही पहिली डबी.

भुतंखेतं मी मानत नाही. इतक्या वर्षांत इतकी माणसं डोळ्यांपुढं गेली, एकही परत आलं नाही. पण निजलेलं लेकरू मला बघवत नाही. वॉर्डातून जाताना कुठलं तान्हं गप्प निजलेलं दिसलं की माझं बोट त्याच्या तळपायाला टिचकी मारतंच. ते दचकून रडलं की मी पुढं जाते. त्याची आई मला शिव्या देते. "बुढ्ढी सोने नै देती," हे मी म्हातारी व्हायच्या कितीतरी आधीपासून ऐकत आले आहे. गप्प खोलीत मला अजून मायचा लांबून आलेला आवाज ऐकू येतो, "निजला का?" आणि माझ्या तोंडात उत्तर तयार असतं.

शिकून झाल्यावर याच दवाखान्यात नोकरी लागली. रजा मिळाली की गावी जात होते. माय विचारायची, "काय शिकलीस सांग." मी सँटोनिनचं सांगायचे, पोराला सगळं पिवळं दिसतं ते. ती हसायची. "लगीनघरच की गं, सगळी हळदच हळद!" काशीकाकूला बेलाडोनाचं सांगितलं नाही. अफूचं मायला सांगितलं नाही. सांगून कुणाचा फायदा होता? बाप गेला होता, रामा मोठा झाला होता, घरात तान्हं नव्हतं. ज्या औषधाची गरज नाही ते द्यायचं नसतं, असा माझा हिशेब.

मग रामाचं लग्न झालं, पारू आली, आणि भागू झाली.

मी गेले तेव्हा भागू तीन-चार महिन्यांची होती आणि वेचणी ऐन भरात होती. रामा कापसाची गाडी घेऊन परळीला गेला होता. घरात माय, पारू, लेकरू आणि मी. सकाळी मी अंघोळ करून आत आले तर भागू घोंगडीवर खोकत होती. मी तिचं झबलं वर केलं. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. छातीला कान लावला. आत तीच घरघर, जी मी लहानपणी झोका देताना ऐकली होती.

मागं दगडावर घासल्याचा आवाज आला. माय सहाणेवर उगाळत होती.

"माय, थांब."

"कावून?"

"तिला खोकला हाय."

"म्हणून तर. खोकला बसंल, निजंल. पारूला येचू दे. सगळा कापूस फुटलाय, वाऱ्यानं मातीत चाललाय."

"द्यायची न्हाई."

माय हसली. बोट सहाणेवर तसंच. "ह्याच बोटानं तुला चाटवली. मेलीस का? चांगली हैदराबाद बघून आलीस."

पारू दारात डोक्याला फडकं बांधत उभी होती. ती कधी माझ्यापुढं बोलत नसे, पण तेव्हा बोलली. "वन्सबाई, मग ही दिसभर रडंल. रानात तिला घ्यायचं कुणी? मी घेतली तर येचायचं कुणी?"

"आमच्या डॉक्टरणबाईंचा हुकूम आहे," मी म्हटलं. मी घाबरले की माझी भाषा दवाखान्याची होते.

"हुकूम!" माय म्हणाली. "तुझ्या डॉक्टरणीला म्हणावं, ये. ओटी बांध. एक पट्टा येचून दाव. मग कर हुकूम."

तिचं काय चुकलं होतं? अफू लेकराच्या खोकल्यासाठी नव्हतीच. अफू वेचणीसाठी होती. हे आपांच्या तीन प्रश्नांत कुठंच बसत नव्हतं.

मी भागूला उचलून खांद्याशी उभी धरली. त्या दिवशी मी तिला सांभाळलं असतं. पण चार दिवसांनी मी परत जाणार होते, आणि डबी कोनाड्यात राहणार होती. माय ऐकेल असा एकच शब्द माझ्याकडं होता, आणि तो होता नामा. तो बोलले तर भागू वाचणार होती. आणि मायला उरलेलं सगळं आयुष्य स्वतःच्या बोटाकडं बघत काढावं लागणार होतं. नजर लागली, डबा झाला, जोगाईचा कोप झाला, या सगळ्यावर ती कशीबशी उभं राहायला शिकली होती. ते मी काढून घेणार होते.

मी नाव घेतलं नाही. फक्त औषधाचं सांगितलं, आपा सांगायच्या तसं. "माय, अफू खोकला बसवती, खरं हाय. पण छाती भरलेली असली तर खोकलाच लेकराला वाचवीत असतो. तो बंद झाला की कफ आतच राहतो. वर झोप येती. मग ते श्वास घ्यायचंच इसरतं. रोजचीच राळ्याएवढी, पण त्या दिशी जास्त होती."

पारू म्हणाली, "अगं बया."

मायनं सहाणेवरचं बोट उचललं नाही. चुलीतलं लाकूड मध्येच तडकलं. मग तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "त्या येळी डोळ्यातली बाहुली कशी व्हती?"

तिला ते ठाऊक होतं. इतकी वर्षं मी समजत होते की तो डोळा माझ्या एकटीकडं आहे. तिनं ती पापणी दुसऱ्यांदा उचलली होती, आणि पाहिलेलं तिनंही कुठंतरी मागच्या कोपऱ्यात ठेवून दिलं होतं.

मोठी होते, असं म्हणणं सोपं होतं. एक शब्द, आणि माय सुटली असती. बेलाडोनानं होतेच की मोठी. पण पारू ऐकत होती. उद्या एखादं लेकरू असंच गुंगलं, तर पारू त्याचा डोळा उघडून माझा शब्द आठवणार होती. खुणेबद्दल खोटं सांगणं म्हणजे बाटलीवर चुकीची चिठ्ठी लावणं.

"बारीक," मी म्हटलं. "राळ्याएवढी."

"हां," माय म्हणाली.

ती उठली. सहाण उचलून मोरीत नेली, राख घेतली आणि घासू लागली. पारूनं विचारलं, "आत्याबाई, मी काय करू?" पारू मग वेचायला गेली आणि मी भागूला घेऊन बसले. पाणी उकळून वाफ दिली, पाठ थोपटून कफ सुटू दिला, पळीपळीनं दूध पाजलं. अधूनमधून मोरीतून दगडावर राख घासल्याचा आवाज येत होता. सहाण केव्हाच स्वच्छ झाली असणार.

त्या दिवशी, आणि नंतर ती गेली तोवर, नामाचं नाव आम्हा दोघींत निघालं नाही. पण रामा, तू विचारायचास ना, म्हातारी गावभर फिरून लोकांच्या निजलेल्या लेकरांचे डोळे का उघडून बघती? बाया हसायच्या, काही दारं लावून घ्यायच्या. काशीकाकूनं तर तिला वेड लागलं म्हणून सांगितलं. माय अंगठ्यानं पापणी उचलायची, बघायची, आणि पुढच्या घरी जायची. तिचं वेड कुठून आलं ते तुला आता कळलं. ते मी आणलं, हैदराबादेहून. पुन्हा वेळ आली तर पुन्हा आणीन. पण कुणी मला शिकून काय मिळवलंस म्हणून विचारलं, तर तो अंगठा आठवतो.

आणि तुझा प्रश्न, गावाकडं येणार का. घर कशाला म्हणायचं याचा मी या दोन डब्या पुसताना विचार केला. निजलेलं लेकरू दिसलं आणि मी त्याला न उठवता पुढं गेले, अशी जागा मला घर वाटेल. अशी जागा इथं नाही, तिथंही नाही. माय तिथं होती तोवर निदान आम्ही दोघी होतो, एकाच गोष्टीला भिणाऱ्या. आता मी एकटी आहे, आणि एकटीला हैदराबाद काय नि गाव काय. तेव्हा कायमची येणार नाही. वेचणीला मात्र दरवर्षी येईन, जेव्हा हातांची गरज असते तेव्हा. डब्या इथंच राहतील, कुलपात. भागू, तुझं लेकरू होईल तेव्हा तुला डबी मिळणार नाही. मी मिळेन.

आता फक्त दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली.

मी उठले तेव्हा माय चुलीपुढं बसली होती आणि भागू तिच्या खांद्याशी उभी धरलेली होती. घोंगडीला सुरकुती नव्हती, म्हणजे लेकरू रात्रभर खाली ठेवलं नव्हतं. भागू खोकत होती, चांगली दणकून, आणि दर खोकल्याला माय मान हलवत होती, कुणाचं म्हणणं पटल्यासारखी. माझ्यापुढं तिनं डबी सरकवली. "ही तिकडं ने. तुमच्या कुलपात ठेव."

"आन् आज येचायचं कसं?" पारूनं विचारलं. "तुमी दोघी घरी आन् मी एकटी?"

"मी लेकराला घिऊन बसते," माय म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं. "ही जाईल."

मी गेले. किती वर्षांनी गेले होते. बांधावर बाभळीला पारूनं आदल्या आठवड्यात बांधलेली झोळी तशीच होती. पारूला कुणी नामाचं काही सांगितलं नव्हतं, आणि रानात दुसरं झाड नव्हतं. वाऱ्यानं झोळी आपली आपण हलत होती, रिकामी. वेचलेला कापूस टाकायचं ओटीचं फडकं मी घरी विसरले होते. तेव्हा झोळीच्या गाठी सोडल्या, ते लुगडं झटकलं, कमरेला ओटी म्हणून बांधलं, आणि बांधाजवळच्या पहिल्या पट्ट्यापासून वेचायला लागले.